टेबलावरची मतपत्रिका

आधीच लिहून ठेवते. माझं शुद्धलेखन चुकणार आणि अक्षरही वेडंवाकडं येणार, त्याबद्दल माफी असावी. चौथीनंतर माझी शाळा सुटली, कारण पाचवीचा वर्ग दुसऱ्या गावात होता आणि एकट्या मुलीला तिकडे कोण पाठवणार. त्यानंतर सगळ्या आयुष्यात मी किराणाच्या याद्या लिहिल्या, ब्लाउजची मापं लिहिली आणि आईला पत्रं लिहिली. आई गेल्यावर पत्रंही थांबली. ही वही कुणाला दाखवायची नाही, पण मागच्या नोव्हेंबरातली गोष्ट विसरायच्या आत मला लिहून ठेवायची आहे.

मी अमेरिकेत ट्रॉय गावी मुलाकडे राहते. हे गेल्यावर मुलाने मला इकडे आणलं, त्याला अठरा वर्षं झाली. मुलगा गाड्यांच्या कंपनीत इंजिनियर आहे, सून आयटीत आहे, नात दुसऱ्या राज्यात कॉलेजला आहे. सकाळी दोघं आपापल्या गाडीने निघून जातात आणि संध्याकाळपर्यंत घरात मी एकटी असते. मला गाडी येत नाही. आमच्या भागात बस नाही. मी साड्यांना फॉल लावून देते, एका साडीचे दहा डॉलर. आसपासच्या मुली दिवाळीआधी आणि संक्रांतीआधी साड्यांचे ढीग आणून टाकतात. पण मोरपंखी दोरा संपला तर तो शनिवारपर्यंत संपलेलाच राहतो, कारण दुकान चार मैलांवर आहे आणि मुलाला शनिवारीच वेळ असतो. तोही बिचारा कधी नाही म्हणत नाही. "हो आई, नेतो ना, फक्त हा एक कॉल होऊ दे," म्हणतो. मग मी पायात बूट घालून सोफ्यावर बसून राहते.

त्या नोव्हेंबरच्या आदल्या वर्षी मी इकडची नागरिक झाले. वय झालेल्यांना परीक्षा आपल्या भाषेत देता येते, शेजारी दुभाषी बसतो. मी घरकाम करताना सगळे प्रश्न पाठ केले होते. साहेबाने विचारलं, फक्त नागरिकांनाच असलेला एक हक्क सांगा. मी मराठीत म्हटलं, मत देणं. दुभाष्याने ते इंग्रजीत सांगितलं आणि साहेबाने खूण केली. पास झाले तेव्हा मुलाला माझ्यापेक्षा जास्त आनंद झाला. घरी चार माणसं जेवायला बोलावली. श्रीखंड वाढता वाढता तो सगळ्यांसमोर म्हणाला, "सातशे पंचवीस डॉलर फी मी भरलीय. तेव्हा आईचं मत माझंच!"

सगळे हसले. मीही हसले. पण पुढच्या महिन्यापासून मी त्याला पैसे द्यायला लागले. कधी चाळीस, कधी पन्नास. पहिल्या वेळी तो म्हणाला, "आई, तू वेडी आहेस का?" मी नोटा त्याच्या गाडीच्या किल्लीखाली ठेवल्या आणि आत निघून गेले. समोर उभं राहून बोलणं मला जमत नाही. लहानपणापासून नाही. पाहुणे आले की मी स्वयंपाकघरातच असते.

मतदानासाठी माझं नाव मुलानेच नोंदवलं. त्यातच त्याने तिघांच्याही मतपत्रिका पोस्टाने घरी मागवल्या. इकडे तशी सोय आहे. घरी बसून भरायची, पाकिटावर सही करायची आणि पोस्टात नाहीतर गावातल्या पेटीत टाकायची. मला ती सोय फार आवडली. रांग नाही, अनोळखी माणसं नाहीत, इंग्रजीत बोलायचं नाही. माझ्यासारखीला आणखी काय पाहिजे?

पाकिटं आली. रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर मुलाने टेबल पुसलं, चहा मांडला आणि तीन पेनं ठेवली. त्याने लॅपटॉप उघडून एकेक उमेदवार वाचायला सुरुवात केली. तो आणि सून वाद घालत होते. म्हणजे तो बोलत होता आणि सून "हं, हं" करत आपला कागद हाताने झाकून भरत होती. मग तो मागच्या पानावर आला.

"आणि ही बसची भानगड," तो म्हणाला. "सगळ्या भागांत बस आणणार, आणि त्यासाठी आपला घराचा टॅक्स वाढवणार. इथे बसमध्ये बसतं कोण? आपण तिघं नो करायचं."

मी चहाचा कप खाली ठेवला. बस आणणार हे मला माहीतच नव्हतं.

"कुठून जाईल रे ती?" मी विचारलं.

"मोठ्या रस्त्यावरून. पण त्याचं काय? तुला मी नेतोच ना सगळीकडे."

"नेतोस."

"मग झालं तर. आई, तू पाकिटावर सही करून ठेव. मी माझं संपवून तुझंही फिल करतो, तुला ते बारीक इंग्रजी दिसणार नाही."

मी सही केली. त्याने बोट ठेवलं तिथे, ओळखपत्रावर आहे तशी, इंग्रजीत. तेवढ्यात त्याला ऑफिसचा फोन आला आणि तो बाहेर गेला, तो तासभर आलाच नाही. मी टेबल आवरलं. माझी कोरी मतपत्रिका आणि सही केलेलं पाकीट दोन्ही उचलून शिवणाच्या डब्यात ठेवलं.

नंतरचे दोन दिवस मला काही सुचलं नाही. एकदा सही दिली म्हणजे मत गेलं, असंच मी धरून चालले होते. याला कारण आहे. वडील गेल्यावर वर्षाने भावांनी मला तालुक्याला बोलावलं होतं. कचेरीत गर्दी होती. थोरल्या भावाने बोट ठेवलं, "इथे सही कर," आणि मी केली. परत येताना त्याने मला जरीकाठाची हिरवी साडी घेतली, बसस्टँडवर उसाचा रस पाजला. घरी आल्यावर ह्यांनी सांगितलं की ते हक्कसोडपत्र होतं, जमिनीतला माझा वाटा मी सोडून दिला. आमच्याकडे सगळ्याच बहिणी सोडतात. मला जमीन नकोच होती. वाचून दाखवलं असतं तरीही मी सही केलीच असती. पण वाचून दाखवलं नाही. ती साडी मी नेसले, चांगली फाटेपर्यंत नेसले.

म्हणून माझ्या डोक्यात बसलं होतं की सही करताना गप्प बसलो तर मग पुढे बोलायला तोंड नसतं. चूक माझीच, मीच विचारलं नाही.

मंगळवारी माझी नागपूरची मैत्रीण दोन साड्या घेऊन आली. ती आमच्या मागच्या गल्लीत राहते, दिवसभर नातवाला सांभाळते आणि गाडीही चालवते. तिला सगळं सांगितलं. ती आधी पोट धरून हसली.

"अगं बाई, पाकीट पोस्टात पडलंच नाही तर मत जाईल कुठून? ते तर तुझ्या डब्यात सुया-दोऱ्यासंग झोपून राहिलं!"

"पण सही झाली ना."

"सही पाकिटावर झाली. आतला कागद कोरा आहे नं? मग भर नं बाप्पा, बंद कर आन् टाक. मीपण पोस्टानंच टाकते. मस्त घरी बसून, चष्मा लावून. माझ्या घरी कोणी विचारत नाही मी काय केलं म्हणून."

"माझ्या घरी विचारतात."

ती थांबली. साडीची घडी मांडीवर ठेवून म्हणाली, "मग पोस्टात काही खराबी नाही. तुझ्या टेबलात आहे."

ते मला पटलं. त्या दुपारी मी मतपत्रिका घेऊन खोलीत बसले. मैत्रिणीने मागच्या पानावर बसचा प्रश्न कुठे आहे ते दाखवून ठेवलं होतं, आणि पुढच्या पानावरही कोण कोण आहेत ते समजावलं होतं. मला इंग्रजी अक्षरं लावता येतात, सावकाश. पेन हातात घेतलं आणि दारावर टकटक झाली. मुलगा त्या दिवशी लवकर घरी आला होता.

"आई, भरतेस का? थांब, मी बघतो. चूक झाली तर पूर्ण बाद होतं ते."

"राहू दे, नंतर भरते," मी म्हटलं आणि कागद उशीखाली सारला. एखादी चोरी केल्यासारखा.

त्याच्या मनात काही वाईट नव्हतं, हे मला लिहिलंच पाहिजे. माझी औषधं तो भरतो, बँक तो बघतो, डॉक्टरशी तोच बोलतो. माझा प्रत्येक कागद गेली अठरा वर्षं त्याच्याच हातातून गेला आहे. हाही जाणार, यात त्याला काही वेगळं दिसत नव्हतं. आणि त्याला "हा कागद तुला दाखवणार नाही" एवढं एक वाक्य बोलायची माझ्यात ताकद नव्हती. मी ते वाक्य भांडी घासताना म्हणून बघितलं. पोळी लाटताना म्हणून बघितलं. तो समोर आला की मी त्याला चहा हवा का विचारायचे.

मग मी दुसऱ्या बाजूने विचार केला. घरी एकटी असताना भरलं तरी पाकीट पेटीत टाकायला मुलाच्याच हातात द्यायचं, तो उघडून तपासणार, आणि तेव्हा त्याला नाही म्हणावं लागेल. केंद्रावर जायचं तर अनोळखी गोऱ्या माणसांशी इंग्रजीत बोलावं लागेल. यातलं मला कमी भीतीचं कोणतं? आठ दिवस मी हे दोन्ही तोलत होते. शेवटी ठरलं. अनोळखी माणसं मला हसली तर हसोत, ती काही रात्री माझ्या समोर जेवायला बसणार नाहीत. ठरल्यावर मला एकदम हलकं वाटलं आणि मी त्या दिवशी चार साड्यांचे फॉल लावले.

मैत्रिणीला फोन केला. तिने केंद्र कुठे आहे ते शोधलं. मोठ्या रस्त्यापलीकडच्या चर्चमध्ये. "घरी आलेली मतपत्रिका सोबत ने, ती परत देऊन तिथे नवीन मिळते," तिने विचारून सांगितलं. "मी गाडीनं सोडलं असतं गं, पण मतदानाच्या मंगळवारी नातवाला डॉक्टरकडे न्यायचं आहे. पोराला सांग नं."

"नाही. चालत जाईन."

"काहून एवढं? गुडघे पाहा आपले!"

"जाईन म्हटलं ना."

"जा बाई जा," ती म्हणाली. "तुझा आवाज चढलेला पहिल्यांदा ऐकला मी."

मुलाने आणि सुनेने आपली पाकिटं पेटीत टाकली. मुलगा मला रोज आठवण करायचा. "आई, तुझं?" "देते." "आई, लास्ट वीक आहे." "देते रे." सोमवारी म्हणाला, "उद्या शेवटचा दिवस. उद्या ऑफिसमधून आलो की मीच पेटीत टाकून येतो, आठपर्यंत उघडी असते." मी मान हलवली.

मंगळवारी दोघं गेल्यावर मी देवाला दिवा लावला, साडीवर कोट चढवला, मतपत्रिका आणि पाकीट प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये घातलं, ओळखपत्र घेतलं आणि निघाले. आमच्या गल्लीपर्यंत फुटपाथ आहे. मोठ्या रस्त्यावर तो मधेच संपतो आणि मग ओल्या गवतातून चालावं लागतं. बाजूने गाड्या सुसाट जातात. एका गाडीतल्या बाईने हळू करून काच खाली केली आणि काही विचारलं. बहुतेक मी हरवले आहे का असं. मी हात हलवून जा म्हटलं. पाऊण तास लागला. वाटेत मी एकच वाक्य म्हणत होते, "आय वॉन्ट टू व्होट हिअर."

चर्चच्या हॉलमध्ये रांग होती, दहा-बारा माणसं. माझी पाळी आली तेव्हा टेबलामागे पांढऱ्या केसांची एक बाई होती, चष्मा साखळीने गळ्यात अडकवलेला. मी ओळखपत्र पुढे केलं. तिने संगणकात पाहिलं आणि पटापट बोलली. मला त्यातलं "मेल" आणि "होम" कळलं. माझं वाक्य मी पार विसरले. मागे फिरून घरी जावं असं वाटलं, खोटं कशाला लिहू.

मी फोल्डर उघडून सगळं टेबलावर ठेवलं. तिने पाकीट पाहिलं, सही पाहिली, आतला कोरा कागद पाहिला.

"यू साइन्ड इट," ती हळू म्हणाली, "बट यू डिडन्ट मेल इट?"

"नो मेल," मी म्हटलं. "आय व्होट हिअर. मी. सेल्फ."

ती हसली, पण माझ्यावर नाही. "गुड फॉर यू, हनी," म्हणाली. तिने शेजारच्या माणसाला बोलावलं. त्याने माझ्या जुन्या मतपत्रिकेवर काहीतरी लिहून ती बाजूला एका मोठ्या लिफाफ्यात टाकली. मग बाईने माझ्यापुढे एक छोटा फॉर्म सरकवला आणि खाली रेघेवर बोट ठेवलं.

माझा हात सवयीने पेनाकडे गेला. मी तो थांबवला.

"व्हॉट इज धिस?" मी विचारलं.

मला वाटलं ती वैतागेल, रांग मागे वाढत होती. ती उठली, टेबलाला वळसा घालून माझ्या बाजूला आली आणि प्रत्येक ओळीखाली बोट नेत सांगितलं. हे तुझं नाव. हा पत्ता. ही जन्मतारीख. आणि खाली लिहिलंय की ही बाई तूच आहेस आणि तू नागरिक आहेस. मी एकेक ओळ तिच्यामागून वाचली. मागचा एक तरुण घड्याळ बघत होता. बघू दे. मी नाव, पत्ता, तारीख लिहिली आणि सही केली.

वाचायला मदत पाहिजे का, असं तिने विचारलं. मी नो म्हटलं. आडोसा केलेल्या टेबलाशी उभी राहिले. पुढच्या पानावर मी कुणाला मत दिलं ते मी या वहीतही लिहिणार नाही. मागच्या पानावर बसचा प्रश्न होता. मी तो दोनदा वाचला आणि तो लहानसा गोल पेनाने पूर्ण भरला, रेघेबाहेर न जाता. शिवणाऱ्या हाताला ते काही अवघड नाही. मग तो कागद मशीनमध्ये सरकवला. मशीनने तो सुर्रकन आत ओढून घेतला. परत येताना गुडघे दुखत होते, पण मी मधे कुठे थांबले नाही.

संध्याकाळी मुलगा आल्या आल्या हात पुढे करून म्हणाला, "चल आई, दे लवकर."

"दिलं," मी म्हटलं. मी भाजी ढवळत होते, पाठमोरी.

"दिलं? कुठे?"

"केंद्रावर. जाऊन आले."

"कशी गेलीस?"

"चालत."

"मोठ्या रस्त्यावरून? आई! अगं मला सांगायचं ना, मी नेलं असतं!"

"नेलं असतंस," मी म्हटलं आणि गॅस बंद करून त्याच्याकडे वळले. "आणि गाडीत विचारलं असतंस. ते मला तुला सांगायचं नव्हतं."

हे वाक्य कसं आलं मला माहीत नाही. इतके दिवस भांड्यांना ऐकवलं होतं, ते हे नव्हतंच. तो हात धुऊन जेवायला बसला. भाजीत मीठ कमी होतं, ते त्याने वरून घेतलं.

दुसऱ्या दिवशी निकाल लागला. बसचा प्रस्ताव पास झाला. रात्रीच्या जेवणाला मुलगा फोनवर आकडे बघत बडबडत होता. "टॅक्स वाढवा म्हणून स्वतः मत देणारे हे लोक असतात तरी कोण?"

"एक मी," सून म्हणाली आणि वाटी पुढे केली. "आमटी वाढा ना आई."

त्याने तिच्याकडे बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. मी आमटी वाढत होते.

"म्हणजे तू पण?" त्याने मला विचारलं.

"ते गुप्त असतं," मी म्हटलं.

सून खो खो हसली. तोही हसला, पण जरा उशिराने. मग मला चिडवायला म्हणाला, "घ्या! फी माझी, आणि घरात मला विचारतंय कोण!"

"फीचे किती राहिले?" मी विचारलं.

"आई, जोक होता गं तो. तेव्हाही जोकच होता."

"ठाऊक आहे. पंच्याऐंशी राहिलेत."

संक्रांतीच्या काळ्या साड्या यायला लागल्या होत्या. नऊ साड्यांना फॉल लावले, हाताने, बारीक टाक्यांनी. बस अजून सुरू झाली नव्हती, काळ्या दोऱ्यासाठी शनिवारी मुलानेच नेलं. त्या रविवारी तो टेबलाशी चहा पीत बसला होता. या वेळी मी पैसे किल्लीखाली ठेवले नाहीत. त्याच्यासमोर खुर्ची ओढून बसले आणि नोटा त्याच्या हातात दिल्या. तो तशाच खिशात घालायला लागला.

"मोज," मी म्हटलं.

त्याने माझ्याकडे पाहिलं, कप बाजूला ठेवला आणि एकेक नोट टेबलावर मांडत मोजली. वीस, चाळीस, साठ, ऐंशी, पंच्याऐंशी. सातशे पंचवीस पुरे झाले.